फुएन्सांता काय देईल ते

मी ताटल्या विकतो. ताटल्या, पेले, टूथपिक, कागदी रुमाल, बारला जे जे लागतं आणि जे जे रोज फुटतं ते सगळं. उएल्वापासून आल्मेरियापर्यंत अख्ख्या आंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनभर, असा बार सापडणं कठीण, की ज्याच्या मागच्या दाराने मी खोकी आत नेली नाहीत आणि मग पुढच्या दाराने येऊन एक पेला घेतला नाही. त्यामुळे तापांवरून, म्हणजे पेल्याबरोबरच्या खाण्याच्या छोट्या ताटल्यांवरून, माझ्याशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून यावं. उपाशीपोटी हरणं फार वाईट.

सेव्हियात तापा मागवायची आणि तिचे वेगळे पैसे द्यायचे. आल्मेरियात ती पेल्याबरोबर येते, पण कुठली हवी ते गिऱ्हाईक सांगणार. आमच्या ग्रानादात तुम्ही फक्त प्यायला मागायचं. ताटली आपोआप येते, आणि तिच्यात काय असेल ते बार ठरवतो. दुसऱ्या पेल्याबरोबर दुसरी, तिसऱ्याबरोबर तिसरी. आणि तिसरी ही पहिलीपेक्षा सरसच असते, कारण एवढा वेळ बसलेला माणूस आता घरचा झाला. बाहेरून आलेले विचारतात, पण मला नाही आवडलं तर? नाही आवडलं तर उद्या या, दुसरं काहीतरी मिळेल. मागून खाल्लं की आपलीच आवड आपल्याला पुन्हा कळते. न मागता आलेलं खाल्लं की समोरच्याच्या मनात काय आहे ते कळतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी मी पहिल्या ताटलीवरून गावाची करतो आणि आजवर फसलेलो नाही.

आता एवढं ऐकल्यावर कोणीही विचारील की सगळ्यात चांगली ताटली कुठली. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. ग्रानादातल्या रेआलेखो मोहल्ल्यात चढणीवर ला पार्रा नावाचा बार आहे. तिथली. आणि ती फुएन्सांता करते.

फुएन्सांता जाएनकडची, ऑलिव्हच्या बागांमधल्या एका खेड्यातली. ठेंगणी, रुंद मनगटांची, बोलायला काटकसरी. कासिमिरोशी लग्न होऊन ती ग्रानादाला आली तेव्हा बार सासऱ्याचा होता. लग्नाचा आठवडा उलटायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली, ती तिथेच राहिली. बाहेरचा काउंटर आणि तिची चूल यांच्यामध्ये विटांची भिंत होती, आणि त्या भिंतीला कमरेच्या उंचीवर एक खिडकी, जेमतेम दोन ताटल्या जातील एवढी. वाकून पाहिलं तर माणसांचे पट्टे आणि पंजे दिसायचे, तोंडं नाहीत. सकाळी ती मागच्या दाराने यायची, संध्याकाळी मागच्या दाराने बस पकडायला जायची. रस्त्यात, पाववाल्याकडे भेटणाऱ्या माणसांना ती हसून नमस्कार करायची, पण त्यातलं कोण आपल्या हातचं रोज खातं हे तिला ठाऊक नव्हतं.

काउंटरवर कासिमिरो. उंच, खांद्यावर पांढरं फडकं, आणि आवाज असा की चढणीच्या खालच्या टोकाला असलेल्या माणसाला तहान लागावी. "खिडकीला चार, तिसऱ्या!" "दोन पहिल्या!" एवढंच तो आत ओरडायचा. खिडकी म्हणजे रस्त्याकडच्या खिडकीतलं टेबल, पहिल्या म्हणजे पहिली फेरी, तिसऱ्या म्हणजे तिसरी. बाकी सगळं फुएन्सांताचं. कधी हॅमबरोबर परतलेल्या कोवळ्या शेंगा, कधी संत्र्याची आणि खारवलेल्या कॉड माशाची कोशिंबीर, वसंतात गोगलगायींचा तिखट रस्सा. एका बैठकीत एका माणसाला एकच पदार्थ दोनदा गेला असं कधी झालं नाही. आणि ताटली पुढ्यात आली की लोक बोटं चाटत म्हणायचे, "वा कासिमिरो! हात आहे बाबा तुझा." तोही मान डोलवायचा. आयत्या बिळावर नागोबा दुसरा कोणता असतो?

मी मागच्या दाराने जाणारा आणि पुढच्या दाराने पिणारा, त्यामुळे मला दोन्ही बाजू माहीत. एकदा खोकी उतरवता उतरवता मी तिला विचारलंच, की बाई, बाहेर तुझ्या नवऱ्याच्या हाताची आरती चाललीय, तुला काही वाटत नाही? ती ताटल्या धूत होती. म्हणाली, "ताटल्या रिकाम्या येतात ना? मला सगळं कळतं."

तिला खरंच सगळं कळायचं. तोंडं दिसत नसली तरी ताटल्या परत यायच्या, आणि ती धुण्याआधी ताटली बघायची. एक जण मिरचीच्या बिया बाजूला काढणारा. एक पावाचा मऊ भाग टाकणारी. खिडकीच्या टेबलावरचा एक जण ऑलिव्ह खाऊन त्याच्या बिया ताटलीच्या काठावर गोल मांडायचा, घड्याळाच्या आकड्यांसारख्या. त्याला तिने नाव ठेवलं होतं, बियावाला. काही वर्षांपूर्वी या बियावाल्याच्या ताटलीत मांसाचे चघळलेले तुकडे परत येऊ लागले. फुएन्सांताने ओळखलं की याच्या दाढा गेल्या. तेव्हापासून डुकराच्या गालाचा रस्सा असला की ती एका ताटलीतलं मांस वेगळं बारीक चिरायची, जास्त शिजवायची, आणि खिडकीतून सरकवताना म्हणायची, "ही बियावाल्याला." कासिमिरो ती नेऊन बरोब्बर एमेतेरिओसाहेबांपुढे ठेवायचा. एमेतेरिओसाहेब म्हणजे निवृत्त घड्याळजी, उन्हाळ्यातही हॅट घालणारे, आणि रेआलेखोत कुठे बसावं आणि कुठे बसू नये हे ज्यांच्यावरून ठरतं ते गृहस्थ. ते कासिमिरोच्या पाठीवर थाप मारायचे. "न सांगता कळतं रे तुला."

मग कासिमिरोच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. माणूस वाचला, आवाज गेला.

बारची अर्धी मालकी कासिमिरोच्या धाकट्या भावाची, लेआंद्रोची. त्याचं स्वतःचं हातपंखे, मण्यांच्या माळा आणि फ्रिजवरची चुंबकं विकायचं दुकान होतं, पर्यटकांवर चालणारं. तो वाईट माणूस नव्हे. पण पर्यटकांत राहून त्याला असं वाटायला लागलं होतं की जगात जो तो फक्त बोट दाखवायलाच आलेला आहे. कासिमिरो घरी आल्यावर आठवड्याभरात तो ला पार्रात आला. मी काउंटरवरच होतो. त्याचं म्हणणं असं की बाहेरचे लोक दारात येतात, काय मिळतं ते कळत नाही म्हणून निघून जातात. तेव्हा आता चकचकीत कार्डं छापायची, त्यावर फोटो, फोटोखाली किंमत. ज्याला जे हवं ते त्याने निवडावं. स्वयंपाकाला कोणीही ठेवता येईल, तळायचंच तर आहे.

"वहिनी, तुमच्या रांधण्याला नावं ठेवत नाही मी," तो म्हणाला. "पण हा बार चालला तो दादाच्या हातावर. आता दादाच असा बसला."

"भावोजी, तुमच्या दादाला अंडं उकडता येत नाही."

लेआंद्रो हसला. त्याला वाटलं, वहिनी विनोद करतायत. कासिमिरो कॉफीच्या यंत्राशेजारी स्टुलावर बसला होता, तो हसला नाही.

शेवटी ठरलं ते असं. उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या कॉर्पसच्या सणाच्या जत्रेपर्यंत फुएन्सांताने तिच्या पद्धतीने बार चालवायचा. जुनी गिऱ्हाइकं टिकली तर तिचं खरं. नाही टिकली तर कार्डं आणि फोटो, आणि तिने घरी बसून नवऱ्याची सेवा करायची. "जुनी गिऱ्हाइकं म्हणजे खिडकीचं टेबल," लेआंद्रोने बजावलं. खिडकी उठली की मोहल्ला उठला, हे त्यालाही माहीत होतं.

फुएन्सांता बाहेर आली. स्वयंपाक पहाटे उरकायची, दिवसभर काउंटर आणि चूल यांच्यात येरझाऱ्या घालायची. पहिले काही दिवस लोक कौतुकाने बघत होते. खिडकीच्या टेबलावर ताटल्या अजून कासिमिरोच नेऊन ठेवायचा, त्यामुळे तिथली तोंडं तिला नीट ठाऊक नव्हती. मग चूक झाली, आणि ती अशी झाली की ग्रानादाबाहेरच्या माणसाला तिच्यात चूकच दिसणार नाही.

त्या दिवशी खिडकीवर ऊन आलं होतं म्हणून एमेतेरिओसाहेब दोन पेल्यांनंतर आपल्या दोस्तांना तिथेच सोडून काउंटरच्या टोकाला येऊन उभे राहिले. फुएन्सांता आतून आली, हॅट घातलेला एक माणूस पुढ्यात दिसला, आत्ताच आलेला असावा असं तिला वाटलं. त्यांनी वाइन मागितली. तिने पेला भरला आणि शेजारी पहिली ताटली ठेवली, बटाट्याचे काप आणि चार शेंगदाणे.

तिसऱ्या पेल्याला पहिली ताटली! ज्या बारमध्ये माणूस केस काळे असल्यापासून बसतोय, तिथे त्याला विचारावं की आपण कोण, कुठून आलात, तसं ते झालं. एमेतेरिओसाहेबांनी ताटलीकडे पाहिलं, पेल्याला हातही लावला नाही.

"कासिमिरो असता तर हे झालं नसतं," ते म्हणाले. कासिमिरो तिथेच होता, हाताच्या अंतरावर. त्याने काउंटरवर पंजा आपटला, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. साहेब समोरच्या बारमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी खिडकीतले बाकीचे तिघेही त्यांच्यामागून गेले.

फुएन्सांता खिडकीचं टेबल आवरायला गेली तेव्हा मी पाहत होतो. साहेबांची दुसरी ताटली तिथेच होती, आणि तिच्या काठावर ऑलिव्हच्या बिया गोल मांडलेल्या. ती ताटली हातात घेऊन तिने नवऱ्याला विचारलं, "हा बियावाला होता?" कासिमिरोने होकाराची मान हलवली. मग ती खुर्चीवर बसली. ला पार्रात बाहेरच्या बाजूला तिला बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, आता रडेल. बायका रडल्या की मला खोकी मोजायची आठवण येते, म्हणून मी उठायच्या बेतात होतो. पण ती म्हणाली, "ताटलीवाले, सोमवारी बंद असतं आपलं. या. आणि जुने कपडे घाला."

सोमवारी गेलो तर शेजारच्या गवंड्याने मोठा हातोडा आणून दिला होता आणि भिंत ठोकून बघत होता. छताचा भार तिच्यावर नाही, पडदी आहे नुसती, असं त्याने सांगितलं. फुएन्सांताने चूल आणि भांडी चादरींनी झाकली, डोक्याला रुमाल बांधला, आणि पहिला घाव स्वतः घातला. मी म्हटलं, बाई, लेआंद्रोला तरी विचार. ती म्हणाली, "विचारलं की नाही म्हणायची संधी मिळते माणसाला." मग धुरळ्यात माझं कोण ऐकणार! मी विटा उचलल्या, शिंकलो, पाठ धरली म्हणून बोंब मारली, आणि कुणी लक्ष दिलं नाही म्हणून पुन्हा विटा उचलल्या. कासिमिरो तोंडावर फडकं धरून बसला होता. अर्धी भिंत खाली आल्यावर तो उठला आणि त्या छोट्या खिडकीची लाकडी फळी त्याने जपून उचकटून काढली. त्याचं कोपर टेकून टेकून ती एका जागी खोलगट झाली होती. ती त्याने मागच्या अंगणात नेऊन ठेवली.

संध्याकाळी लेआंद्रो आला आणि दारातच त्याचा आवाज चढला. बापाने बांधलेली भिंत, कुणाला विचारून, कुणाच्या परवानगीने, वगैरे. फुएन्सांता झाडत होती.

"मामंजींनी विटा लावल्या, मी काढल्या. जागा कुठे गेलेली नाही, भावोजी. उलट वाढली."

तो म्हणाला, कॉर्पसला बघू. कार्डं छापायला टाकलीत.

मंगळवारपासून ला पार्राची तऱ्हाच बदलली. आता चुलीपाशी उभी राहिली की फुएन्सांताला अख्खा बार दिसायचा, आणि कोण कुठली ताटली कशी संपवतो तेही. ज्या ताटल्या ती वर्षानुवर्षं धूत आली होती त्यांना एकेक करून तोंडं मिळू लागली. मिरचीच्या बिया काढणारा तो न्हावी निघाला. पावाचा मऊ भाग टाकणारी ती शाळेतली बाई. "अगो बाई, ही होय ती," असं ती स्वतःशीच म्हणायची आणि मान हलवून कढईकडे वळायची. आणि कासिमिरोला ओरडायची गरजच उरली नाही. भिंतच नाही तर ओरडायचं कशाला? तो काउंटरमागे उभा राहून गिऱ्हाइकाकडे एकदा बघायचा आणि बायकोला बोटं दाखवायचा. एक, दोन, तीन. फुएन्सांता मान हलवायची. इतकी वर्षं दोघं भिंतीच्या दोन बाजूंना काम करत होती, आता एकमेकांकडे बघून करायला लागली, आणि मला विचाराल तर दोघांनाही ते आवडत होतं.

याच दिवसांत परदेशातलं एक जोडपं नकाशा घेऊन आत आलं. यादी आहे का, असं त्यांनी खुणेने विचारलं. फुएन्सांताने दोन बिअर ठेवल्या आणि दोन ताटल्यांत गोगलगायी. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की लग्नातही पाहिलं नसेल. पण बाईने धीर केला, टूथपिकने एक बाहेर काढली, आणि मग तिने नवऱ्याच्या ताटलीतल्याही संपवल्या. निघताना ती कासिमिरोला तीन बोटं दाखवून हसत होती. मी लेआंद्रोला हे मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, पण खिडकी रिकामी आहे.

खिडकी रिकामीच होती. गर्दी झाली तरी फुएन्सांता तिथे कुणाला बसू देत नसे. विचारलं तर म्हणे, "ती बियावाल्याची आहे. येईल तो." मला तिचा हा विश्वास पटत नव्हता. समोरच्या बारची पहिली ताटली मी खाल्लेली आहे, ती वाईट नाही. शिवाय एमेतेरिओसाहेबांचा अभिमान आणि रेआलेखोची चढण, दोन्ही उतरायला कठीण. आणि ते नाही आले, तर या बाईचा बार जाणार होता.

कॉर्पसचा गुरुवार उजाडला. मिरवणूक झाली, रस्त्यात अंथरलेला सुगंधी पाला पायांखाली चुरडून गेला, आणि दुपारी सगळं ग्रानादा एकदमच तहानेलं झालं. समोरच्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लेआंद्रो कार्डांचा गठ्ठा बगलेत मारून आमच्या काउंटरच्या टोकाला उभा होता. तेवढ्यात दारात हॅट दिसली. एमेतेरिओसाहेबांची बायको पुढे आणि साहेब मागे. बाई मोठ्याने सांगत होत्या की नव्या बुटांनी पाय सोलून निघालेत, तुमची मानहानी तुम्ही उन्हात उभी करा, मी बसायला चालले. आणि त्या सरळ खिडकीपाशी जाऊन बसल्या. साहेब इकडे तिकडे बघत बसले. भिंतीच्या जागी उघडी चूल पाहून त्यांनी भुवया उंचावल्या.

कासिमिरोने एक बोट दाखवलं. पहिली गेली, लिंबातले छोटे मासे. साहेबांनी खाल्ले. दोन बोटं. शेंगा आणि हॅम, वर ऑलिव्ह. साहेबांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. हळूहळू ताटलीच्या काठावर बिया गोल उभ्या राहिल्या. फुएन्सांता हे बघत होती आणि मी तिला बघत होतो. तिने मागच्या जाळावरचं झाकलेलं भांडं पुढे ओढलं. त्यात डुकराच्या गालाचा रस्सा होता, मांस बारीक चिरून केलेला. मग कळलं, की साहेब गेल्यापासून असं एक छोटं भांडं ती रोज वेगळं शिजवत होती आणि संध्याकाळी घरी नेत होती.

तीन बोटं. ताटली गेली. साहेबांनी एक घास घेतला, चावून पाहिला, मग दुसरा. त्यांनी काटा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "कासिमिरो, आवाज गेला तर गेला. हात तोच आहे. माझ्या दाढा तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक?"

लेआंद्रो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा. मी काय सांगत होतो? दादाचाच हात." फुएन्सांता कढई ढवळत राहिली. तिला ऐकू आलं नाही असं नाही.

कासिमिरो काउंटरमागून बाहेर आला. खिडकीपाशी गेला, साहेबांच्या पुढ्यातली ती अर्धी ताटली त्याने उचलली, आणि सगळे बघत असताना ती घेऊन जिथे भिंत होती तिथे गेला. ताटली त्याने फुएन्सांतासमोर ठेवली आणि ताटलीच्या कडेवर बोटाने टकटक केलं. मग ते बोट तिच्याकडे दाखवलं. पुन्हा ताटलीकडे, पुन्हा तिच्याकडे. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान हलवली, नाही, नाही. खांद्यावरचं पांढरं फडकं काढून त्याने तिच्या खांद्यावर टाकलं, आणि तो वळून खिडकीच्या टेबलाशी गेला. साहेबांनी खुर्ची मागे ओढून दिली. आपल्याच बारमध्ये तो पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला बसला आणि बायकोकडे बघून त्याने एक बोट वर केलं.

फुएन्सांताने फडक्याने डोळे पुसले. उघड पुसले, लपवले नाहीत.

"आधी प्यायला मागा," ती म्हणाली. "पेल्याशिवाय ताटली मिळत नाही इथे. आणि काय देतेय ते विचारायचं नाही."

डॉक्टरांनी वाइन बंद केली होती, म्हणून तिने त्याला द्राक्षाचा रस दिला, आणि शेजारी बटाट्याचे काप आणि चार शेंगदाणे. बरोबरच होतं, पहिलाच पेला होता त्याचा. एमेतेरिओसाहेब उठले, चुलीपाशी गेले, हॅट हातात धरून त्यांनी आपली अर्धी ताटली तिच्याकडून स्वतः परत घेतली, आणि परत येऊन ती संपवली. लेआंद्रोने कार्डांचा गठ्ठा काउंटरखाली सरकवला आणि एक बिअर मागितली. यादी मागितली नाही.

तिसऱ्या फेरीपर्यंत कासिमिरो बसला. हा माणूस आयुष्यभर उभ्याने, कढईत पाव बुडवून खात आला होता, त्यामुळे धुवायला त्याची अशी ताटली कधी नव्हतीच. ती परत गेली तेव्हा फुएन्सांताने नळ सोडला आणि पुन्हा बंद केला. ताटली उजेडात धरून तिने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. नवऱ्याने सगळा रस्सा पावाने पुसून घेतला होता आणि मांसाचा एक चांगला तुकडा मात्र काठाशी ठेवला होता.

"हा कुणासाठी?" तिने तिथूनच विचारलं.

त्याने बोट तिच्याकडे दाखवलं. तिने तो तिथेच उभ्याने खाल्ला आणि मग ताटली धुतली.